मुंबईत केअरटेकरचं काम शोधताना: ब्युरो, कोर्स आणि पहिल्या ड्युटीआधी विचारायच्या गोष्टी

प्रश्न: वय ३६, बारावी पास, राहायला कळव्याला. सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता, तीन वर्षं अंथरुणातलं सगळं मीच केलं. आता याच कामात नोकरी करायची आहे, पण अनुभवाचा कागद नाही. एका ब्युरोने नावनोंदणीचे तीन हजार मागितले आहेत. भरू का? आधी कोर्स करावा का? संस्थांमध्ये काही मिळेल का?

उत्तर:

ताई, आधी तीन हजारांचं बोलू. भरू नका. ब्युरो, म्हणजे घरोघरी केअरटेकर पुरवणारा मध्यस्थ, पेशंटच्या घरच्यांकडून पैसे घेतो आणि त्यातला काही भाग स्वतःकडे ठेवतो. त्याचा धंदा तिथे आहे. जो काम देण्याआधीच तुमच्याकडून पैसे घेतो, त्याला तुम्हाला कामाला लावायची घाई उरत नाही, कारण त्याची कमाई झालेली असते. युनिफॉर्म किंवा ओळखपत्राचे पैसे मागितले तर "पहिल्या पगारातून कापा आणि पावती द्या" एवढंच म्हणायचं. खरा माणूस याला हो म्हणतो.

तसंच आधार, मार्कशीट यांची मूळ प्रत कोणाकडेही ठेवायची नाही. झेरॉक्स द्यायची आणि तिच्यावर आडवं लिहायचं: "फक्त अमुक ब्युरोच्या नोंदणीसाठी", खाली तारीख आणि सही. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही डाउनलोड करता येते, ती द्या. मूळ कागद अडकलेली बाई काम सोडून जाऊ शकत नाही, म्हणूनच ते मागितले जातात.

आता मुख्य गोष्ट. मुंबईत या क्षेत्रात काम मिळणं फारसं अवघड नाही. पार्ले, दादर, माटुंगा, मुलुंड, ठाणे, कुठल्याही जुन्या सोसायटीत दर दोन-तीन मजल्यांमागे एक घर असं सापडतं, जिथे मुलं परदेशात किंवा पुण्या-बंगळुरूला आणि घरात दोघं म्हातारी. त्यांना माणूस हवाच असतो. अवघड आहे ते टिकणारं काम मिळणं: ज्यात पाठ मोडत नाही, पैसे बुडत नाहीत आणि चार महिन्यांनी "बाई नीट नव्हती" हे ऐकून घरी बसावं लागत नाही. तुम्ही काय करून दाखवता आणि काय विचारून घेता, यावर ते बरंचसं पहिल्या ड्युटीआधीच ठरतं.

केअरटेकर, अटेंडंट, आया, मावशी, जीडीए, सिस्टर, हे सगळे शब्द ब्युरोच्या फोनवर एकाच अर्थाने फिरतात. पण मध्ये एक जाड रेघ आहे. नर्स म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद झालेली व्यक्ती. इंजेक्शन, सलाइन, कॅथेटर (लघवीची नळी) घालणं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, भरवायची नळी) घालणं, खोल जखमेचं ड्रेसिंग ही तिची कामं. अटेंडंटचं काम म्हणजे अंघोळ, स्पंजिंग, डायपर, कूस बदलणं, भरवणं, उठवणं-बसवणं-चालवणं, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या वेळेवर आठवणीने देणं, बीपी-साखर मोजून वहीत लिहिणं. ही रेघ तोंडपाठ हवी, कारण महिन्याभरात कोणीतरी म्हणणारच: "तुम्हाला जमतंच की, इन्सुलिन तुम्हीच टोचा." टोचलंत आणि साखर एकदम खाली गेली, तर जबाबदारी तुमच्यावर येते. घरच्यांना टोचायला सांगा, नाहीतर नर्स बोलवायला सांगा.

नर्सिंगच करून टाकू, असं मनात असेल तर एक अडचण आहे. एएनएम आणि जीएनएमच्या प्रवेशाला साधारण ३५ वर्षांची मर्यादा असते, तुमचं एक वर्ष गेलं. "वय चालतं, डोनेशन भरा" असं कोणी म्हणालं तर संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे आधी स्वतः तपासा. सहा महिन्यांत "नर्सिंग डिप्लोमा" देणारे वर्ग उपनगरांत पुष्कळ आहेत. तो कागद घेऊन कोणीही नर्स होत नाही.

तुमच्यासाठी योग्य कोर्स दोन: जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे सगळे ज्याला जीडीए म्हणतात तो, आणि होम हेल्थ एड. दोन्हींचा अभ्यासक्रम हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा. काही महिन्यांचा वर्ग आणि त्यानंतर हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम, अशी रचना. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या केंद्रात जागा मिळाली तर फी लागत नाही. चालू केंद्रं स्किल इंडिया डिजिटल हबवर आणि महाराष्ट्राच्या महास्वयम पोर्टलवर शोधता येतात. फी भरून करणार असाल तर पैसे देण्याआधी वर्गात डोकावून या. खोलीत हलणारा हॉस्पिटल बेड, व्हीलचेअर, कमोड चेअर आणि सरावाचा पुतळा आहे का? हॉस्पिटलात किती दिवस पाठवणार आणि कुठल्या, याचं लेखी उत्तर देतात का? नुसता प्रोजेक्टर आणि खुर्च्या असतील तर परत फिरा. पाठीचा कणा सांभाळून माणूस कसा उचलायचा हे प्रोजेक्टरवर शिकता येत नाही.

तुमच्यासारख्या अनुभवी माणसासाठी याच योजनेत आणखी एक वाट आहे, जी वर्गवाले आपणहून सांगत नाहीत: आधीच्या शिकण्याला मान्यता, म्हणजे आरपीएल. यात पूर्ण कोर्स करावा लागत नाही. थोडं प्रशिक्षण, मग परीक्षा, लेखी आणि हाताने करून दाखवायची, आणि पास झालात की प्रमाणपत्र. या बॅच सतत नसतात, त्यामुळे केंद्रात नाव आणि नंबर देऊन ठेवायचा आणि दर पंधरा दिवसांनी फोन करायचा. घरात दोन-तीन महिने पैसे नसले तरी चालणार असेल तर पूर्ण जीडीए करा, हॉस्पिटलातला सराव कामाला येतो. चालणार नसेल तर दिवसपाळी धरा आणि आरपीएलची बॅच लागली की परीक्षा द्या.

कागद नाही म्हणता, तर तो बनवता येतो, खोटेपणा न करता. ज्या फॅमिली डॉक्टरांनी सासूबाईंना पाहिलं, त्यांच्याकडून लेटरहेडवर चार ओळी मागा: पेशंटला काय होतं, किती काळ, काळजी कोण घेत होतं. फिजिओथेरपिस्ट घरी येत असतील तर त्यांच्याकडूनही. मग स्वतःचं एक पान लिहा, मराठीतच, आणि त्यात विशेषणं नकोत, आकडे हवेत. "प्रेमाने सेवा केली" याने काही कळत नाही. असं लिहा: "उजव्या बाजूचा अर्धांगवायू. वजन साधारण ६० किलो. राइल्स ट्यूब ८ महिने, कॅथेटर १४ महिने. दर दोन तासांनी कूस. तीन वर्षांत बेडसोअर नाही." तुमचे खरे आकडे घाला. शेवटची ओळ खरी असेल तर ती सर्वात वर घ्या. बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, होऊ दिला नाही म्हणजे रात्री उठत होतात, हे या धंद्यातला कोणीही ओळखतो.

सोबत चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढून ठेवा. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर होतो, पुढची चौकशी तुमच्या पोलीस ठाण्यातून. घरचे लोक हे हमखास विचारतात, आणि आपणहून पुढे केलेल्या कागदाचं वजन वेगळं असतं. हिपॅटायटिस-बीची लस झाली नसेल तर सुरू करा: तीन डोस, पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

आता परीक्षा. बऱ्या कंपन्या आणि हॉस्पिटलं मुलाखतीत फार बोलत नाहीत, करून दाखवा म्हणतात. आणि बहुतेक वेळा एकच गोष्ट: पेशंटला पलंगावरून व्हीलचेअरवर घ्या. अर्धांगवायूचा पेशंट तुम्ही रोज उचललेला आहे, पण घरी लागलेल्या सवयी परीक्षेत नापास करतात, म्हणून क्रम नीट सांगते.

खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाला चिकटून, थोडी तिरकी. दोन्ही ब्रेक लावायचे आणि खुर्ची हलवून खात्री करायची. पाय ठेवायच्या पट्ट्या वर. मग पेशंटला सांगायचं की आता काय करणार आहोत. बोलता येत नसेल तरी सांगायचं, परीक्षक हे बघतो. कुशीवर वळवून, पाय खाली सोडून कडेला बसवायचं. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पायात न घसरणारी चप्पल किंवा बूट. इथे मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. बराच वेळ झोपलेल्या माणसाला एकदम बसवलं की बीपी खाली येतं आणि चक्कर येते, तेव्हा चेहरा बघायचा, विचारायचं. कमरेला धरायचा पट्टा असेल तर तो बांधायचा. तुमचा गुडघा त्यांच्या दुबळ्या गुडघ्यासमोर, म्हणजे तो दुमडणार नाही. तुमचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ. "एक, दोन, तीन" म्हणून उभं करायचं, चांगल्या पायावर वळवायचं, खुर्चीची कड पायांना मागून लागली की हळू खाली.

चुका नेहमीच्या तीन. पहिली, काखेत हात घालून उचलणं. अर्धांगवायूच्या बाजूचा खांदा सैल असतो, काखेतून ओढला की सांधा खाली सरकतो आणि पेशंटला कायमचं दुखणं लागतं. दुसरी, पेशंटला आपल्या गळ्यात हात टाकू देणं. त्याचा तोल गेला की तुमची मान जाते. तिसरी, गुळगुळीत लादीवर मोज्यांनी उभं करणं. मुंबईतल्या घरांची चौथी अडचण वेगळीच: दहा बाय दहाची खोली, पलंगाची एक बाजू भिंतीला, आणि नेमकी चांगली बाजू भिंतीकडे. पलंग हलवता येत नसेल तर उशी फिरवा. डोकं पायथ्याकडे घेतलं की चांगली बाजू आपोआप खोलीकडे येते. मुलाखतीत हे सुचवलंत तर पुढचे निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

नळीने भरवण्याबद्दल विचारतील. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आणि भरवून झाल्यावर किमान अर्धा तास तशीच. आधी नळीवरची खूण जागेवर आहे का ते बघायचं. सिरिंज उंच धरून अन्न आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायचं, दट्ट्याने ढकलायचं नाही. आधी आणि नंतर साधारण ३० मिलिलिटर पाणी, नाहीतर नळी चोंदते. खोकला आला, रंग बदलला, श्वास लागला तर तिथेच थांबायचं. नळी निघून आली तर परत घालायची नाही, नर्सला बोलवायचं. गोळी कुटून द्यायच्या आधी कुटलेली चालते का हे डॉक्टरांना विचारायचं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचं औषध एका घोटात जातं.

बेडसोअरचं उत्तर तुम्हाला पाठ असेल, तरी दोन जुन्या सवयी सोडा: लाल झालेल्या जागी चोळणं, आणि मध्ये भोक असलेली हवेची रिंग देणं. चोळल्याने आतली कातडी आणखी फाटते, रिंगने कडेचा रक्तपुरवठा दबतो. लाल जागा दाबून पाहायची. लाली जात नसेल तर त्या जागेवर वजन द्यायचं नाही आणि त्याच दिवशी सांगायचं. लघवीची पिशवी मूत्राशयापेक्षा खाली पण जमिनीला न टेकलेली. हात साबणाने धुवायला ४० ते ६० सेकंद. पेशंट पडला तर पटकन उचलायचा नाही: आधी शुद्ध, डोकं, खुबा, पाय आखूड-वाकडा दिसतोय का हे बघायचं. एकटीने तर मुळीच उचलायचं नाही.

विस्मरणाचा पेशंट असेल तर कसब हातापेक्षा तोंडात जास्त लागतं. "मला घरी जायचंय" म्हणणाऱ्या आजींना "हेच तुमचं घर" असं दहा वेळा पटवलं की संध्याकाळी भांडण ठरलेलं. "जाऊ, आधी चहा घेऊ" हे चालतं. मुंबईत अशा पेशंटसाठी चांगल्या माणसांची टंचाई आहे. हे जमलं तर पुढचं काम शोधावं लागत नाही, तेच तुम्हाला शोधत येतं.

पैशाकडे येऊ. ड्युटी तीन प्रकारची: दिवसाची बारा तास, सहसा आठ ते आठ, रात्रीची बारा तास, आणि राहून चोवीस तास. समजा ब्युरो घरच्यांकडून एका पाळीचे ९०० घेतो आणि तुमच्या हातात ६५० देतो. २६ पाळ्यांचे घरच्यांनी भरले २३,४००, तुम्हाला मिळाले १६,९००. साडेसहा हजार ब्युरोचे. तो बदली माणूस देत असेल, पगार ठरल्या तारखेला देत असेल, भांडणात मध्ये पडत असेल, तर त्याने ते कमावले. फक्त फोन नंबर जोडून देऊन दर महिन्याला हे घेत असेल, तर महाग आहे. म्हणून "मला किती" हे विचारताना "त्यांच्याकडून किती" हेही विचारा. उत्तर टाळलं तर तेही एक उत्तरच आहे.

चोवीस तासांचा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तो बारा तासांच्या दुप्पट क्वचितच असतो. त्यातून सलग झोप किती, वेगळी जागा कुठे, सुट्टी कधी, हे ठरवल्याशिवाय हो म्हणू नका. रात्री चार वेळा उठावं लागणारा पेशंट आणि दिवसभर उभं काम, हे एका बाईचं काम नाही. आठवड्याभरात चूक होते, आणि ती औषधातच होते.

पहिल्या ड्युटीआधी हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. स्टॅम्पपेपर लागत नाही, मेसेज पुरतो. रोजचा दर आणि पगाराची तारीख. आठवड्याची सुट्टी कापून की भरून. पेशंट हॉस्पिटलात गेला तर तुम्ही तिथे जायचं की घरी बसायचं, आणि बसलात तर पैशाचं काय. पेशंट महिन्याच्या मध्ये वारला तर हिशेब त्या दिवसापर्यंतचा आणि किती दिवसांत. बदली बाई आठला आलीच नाही तर पुढच्या तासांचे पैसे. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त नडतो: पेशंटला एकटं सोडता येत नाही आणि आठ वाजून गेलेले असतात.

आणि कामाची हद्द. पेशंटचे कपडे, पेशंटची भांडी, पेशंटची खोली, पेशंटचं जेवण: तुमचं. घरातल्या पाच जणांच्या पोळ्या आणि पाहुण्यांचा चहा: नाही. पहिल्या दिवशी "आज एकदाच" म्हणून केलेलं काम दहाव्या दिवशी हक्काचं होतं. माणुसकी म्हणून करायला हरकत नाही, पण पेशंट झोपलेला असताना आणि स्वतः ठरवून.

आणखी दोन गोष्टी पहिल्या तासातच करायच्या. घरच्यांना सांगायचं की दागिने, रोख, कपाटाच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवू नका, आणि आजोबांच्या बोटातल्या अंगठ्या-गळ्यातली चेन आज मोजून वहीत लिहू. संशय आल्यानंतर सांगण्यापेक्षा हे फार सोपं जातं. एटीएमचा पिन, यूपीआय, सहीचे चेक, यांना हात लावायचा नाही, आजींनी कितीही विश्वासाने दिलं तरी. खोलीत कॅमेरा असेल तर असू दे, तो तुमचीही साक्ष देतो. पण तुम्ही कपडे बदलता तिथे नको, हे विचारून घ्यायचं.

वही रोज लिहायची. साधी दोनशे पानी वही, उभ्या रेघा मारून: वेळ, बीपी, साखर, काय खाल्लं-प्यायलं आणि किती, लघवी-शौच, औषध, कूस, काही वेगळं दिसलं ते. रात्रीची बाई आली की वही समोर ठेवून तोंडी सांगायचं आणि दोघींनी सही करायची. पुढे कोणी म्हणालं की दुपारची गोळी दिलीच नव्हती, तर तुमच्याकडे पान असतं.

एकट्या पुरुष पेशंटकडे जाणार असाल तर घरात आणखी कोण असतं ते आधी विचारा, आणि पत्ता आपल्या माणसाला पाठवून ठेवा. कोणी हात लावला, घाणेरडं बोललं, तर ते "घरातलं" म्हणून सोसायचं कारण नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरसुद्धा कामाची जागा धरलेली आहे आणि घरकामगार बायकांना त्यात संरक्षण आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. तातडीला ११२, सल्ल्याला १८१. उलट बाजूही आहे: घरचेच म्हाताऱ्या माणसाला मारताना, उपाशी ठेवताना दिसले तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा नंबर आहे.

मोठ्या होमकेअर कंपन्या आणि हॉस्पिटलचे ठेकेदार पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) दाखवतात. पगारपत्रक मागा. पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, ईएसआयसी तुमच्याकडून पाऊण टक्का, आणि ईएसआयसी २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू. कापलेले पैसे भरले की नाही हे मोबाइलवर पासबुकात दिसतं, दोन महिने दिसले नाहीत तर विचारायचं. ब्युरोत यातलं सहसा काही नसतं. तिथे निदान ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांची सरकारी नोंद) आणि बँकेतून वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा, अपघाती मृत्यूला दोन लाख.

काही महिन्यांनी घरचे विचारतील, "ब्युरो सोडून थेट या, शंभर जास्त देतो." मोह होतो. पण आधी सही केलेला कागद वाचा, त्यात बहुधा याला मनाई असते. आणि थेट गेलात तर आजारी पडल्यावर बदली तुम्हीच शोधायची, पैसे थकले तर तुम्हीच मागायचे. सहा महिने पगार वेळेवर देणारं घर असेल तर विचार करा, त्याआधी नको.

कळव्याहून अंतराचं गणित वेगळं मांडा. कळव्याला धीमी गाडीच थांबते. सकाळी आठची ड्युटी ठाणे, मुलुंड, भांडुप, फार तर घाटकोपरपर्यंत धरा. ठाण्याहून ऐरोली-वाशीही जमतं. वांद्र्याला दोनशे जास्त मिळतात म्हणून गेलात तर बारा तासांची ड्युटी पंधरा तासांची होते, आणि पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या की बदली बाईही येत नाही. रात्रपाळीचा एक फायदा कोणी सांगत नाही: सकाळी आठला सुटल्यावर तुम्ही गर्दीच्या उलट्या दिशेने येता, बसायला मिळतं.

संस्थांचं विचारलंत. बारावीवर तिथे मिळतं ते काळजीवाहकाचं, मदतनिसाचं, वॉर्डातलं काम. पगार घरच्या ड्युटीपेक्षा अनेकदा कमी, पण पाळ्या ठरलेल्या आणि आजूबाजूला माणसं. समुपदेशक, केसवर्कर, हॉस्पिटलातला समाजसेवा अधीक्षक या जागांना समाजकार्याची पदवी लागते, बहुधा एमएसडब्ल्यू. ती देवनारचं टाटा इन्स्टिट्यूट किंवा मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन अशा ठिकाणी, पदवीनंतर. तुमच्या हातातलं कसब जिथे लगेच लागतं त्या जागा म्हणजे वृद्धाश्रम, वांद्र्याच्या शांती आवेदना सदनासारखी कर्करुग्णांची सेवाकेंद्रं आणि मतिमंद-बहुविकलांग मुलांच्या शाळा. शिवडीची जय वकील ही त्यातली जुनी, १९४४ ची. अर्ज पोस्टाने नको. दुपारी शांत वेळी स्वतः जा, अधीक्षकांना भेटा, ते एक पान द्या, आणि चार दिवस विनामूल्य काम करून दाखवायची तयारी सांगा. चारच, महिनाभर नाही.

मुलांच्या संस्थेत जायचं असेल तर ती बाल न्याय कायद्याखाली, २०१५ च्या कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे, नोंदलेली आहे का ते विचारा. नोंद नसलेल्या ठिकाणी छापा पडतो तेव्हा आया-मदतनीसही चौकशीत येतात. आणि तिथे काम करताना एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. "साहेबांना सांगितलं होतं" एवढ्याने भागत नाही. मुलांची हेल्पलाइन १०९८.

अंगणवाडीत सेविका-मदतनिसाला बारावी आणि वय १८ ते ३५, विधवांना ४० पर्यंत, शिवाय स्थानिक रहिवासी असावं लागतं. त्यात तुम्ही बसता का ते पाहा. महापालिकेच्या हॉस्पिटलातल्या जागा निघाल्या तर पालिकेच्या संकेतस्थळावर निघतात. "आत ओळख आहे, दीड लाखात परमनंट" हे सांगणारा प्रत्येक जण ठग धरून चाला.

परदेशाचंही कोणीतरी दाखवेलच. इंग्लंडने केअर वर्करची परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. त्यानंतर लंडनचा केअर व्हिसा विकणारा सरळ फसवतो आहे. जपानला कायगो म्हणजे काळजीसेवेच्या कामासाठी जाता येतं, पण त्यासाठी कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते, वर्षभराचा अभ्यास धरा. एजंट ई-मायग्रेट या परदेशी नोकरीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा. त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, तेही पावतीवर.

पहिल्या ड्युटीला वीस मिनिटं आधी पोचा, म्हणजे आधीच्या बाईकडून नीट समजून घेता येतं. पिशवीत घरात घालायची वेगळी चप्पल, डबा, पाण्याची बाटली, वही-पेन, बदलायचा एक कुर्ता, आणि डॉक्टर, घरचे, ब्युरो यांचे नंबर कागदावर लिहिलेले, कारण फोनची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते. केस बांधलेले, नखं कापलेली. बांगड्या आणि अंगठी घरी ठेवून या. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाची कातडी कागदासारखी असते, कूस बदलताना काचेची बांगडी नुसती घासली तरी सोलून निघते.